पंधरा दिवसांच्या परदेशी मिशन ट्रिपचा खरंच उपयोग होतो का? आणि जायचं ठरलं तर तयारी कशी करावी?

प्रश्न असा आहे: "मी नर्स आहे. आमच्या मंडळीतून, म्हणजे चर्चमधून, एक गट पंधरा दिवसांसाठी परदेशात मिशन ट्रिपला जाणार आहे. तिथल्या मंडळीसोबत वैद्यकीय शिबिर आणि मुलांचे कार्यक्रम आहेत. मला जायची फार ओढ आहे. पण घरचे म्हणतात, इतक्या थोड्या दिवसांत काय होणार? त्यापेक्षा तिकिटाचे पैसेच तिकडे पाठव. आणि जायचंच असेल तर तयारी काय करू?"

ताई, आधी घरच्यांच्या शंकेचं बघू. ती रास्त आहे, आणि 'प्रभू पाठवतोय' एवढं एक वाक्य तिला पुरत नाही. होंडुरासमध्ये १९९८ साली मिच चक्रीवादळाने हाहाकार केला. त्यानंतर उत्तर अमेरिकेतल्या मंडळ्यांमधून गटच्या गट तिथे घरं बांधायला जाऊ लागले. होंडुरासमध्ये राहिलेले समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हर बीक यांनी पुढे या कामाचा अभ्यास केला. एक घर साधारण २,००० डॉलरमध्ये उभं राहत होतं; ते बांधायला आलेल्या एका गटाचा प्रवासासकट खर्च साधारण ३०,००० डॉलर होता. परदेशी गटाने बांधलेल्या घरातलं कुटुंब आणि स्थानिक ख्रिस्ती संस्थेने बांधलेल्या घरातलं कुटुंब, दोघांच्या आयुष्यात काही वेगळेपण दिसलं नाही. परत गेलेल्यांनी 'आमचं दान वाढलं' असं सांगितलं, पण दानाच्या नोंदी पाहिल्यावर तशी मोठी वाढ सापडली नाही.

नवीन गटाला मी पहिल्याच बैठकीत हे सांगते. काही चेहरे पडतात, पण जायच्या आधी पडलेले बरे. काम फक्त विटा वाहण्याचं आणि भिंती रंगवण्याचं असेल तर तुमच्या घरच्यांचं बरोबर आहे, पैसे पाठवा. तिथे गवंडी आहेत, त्यांना रोजगार हवा आहे.

पण प्रत्येक गरज पैशाने भागत नाही. बायबलमध्ये बघा: फिलिप्पै शहरातल्या मंडळीने तुरुंगातल्या प्रेषित पौलाला देणगी पाठवली, आणि ती पोहोचवून त्याची सेवा करायला एपफ्रदीतालाही पाठवलं. पैसा आणि माणूस, दोन्ही. पौल त्याला 'माझा बंधू, सहकारी व सहसैनिक' म्हणतो, यावरून त्याच्या जाण्याचं मोल कळतं. दूर एकट्याने काम करणाऱ्या पाळकाजवळ दुसऱ्या मंडळीतलं कुणी येऊन बसलं, त्याच्यासोबत घरोघरी चाललं, त्याच्या मुलांची नावं शिकलं, तर त्याला जो धीर येतो तो बँकेतून पाठवता येत नाही. तसंच शिकवण्याचं काम. तुमच्याकडे असलेलं कौशल्य तिथल्या कुणाच्या तरी हातात उतरणार असेल, तर तुमचं जाणं सार्थकी लागतं.

म्हणून माझ्या मते ट्रिपबद्दल दोनच गोष्टी निर्णायक आहेत: हे काम तिथल्या मंडळीने मागितलं आहे का, आणि तुम्ही परतल्यावर ते कोण चालवणार. बाकी सगळी तयारी या दोन उत्तरांतून निघते.

पहिलं उत्तर मिळवणं वाटतं तितकं सोपं नाही. गटाचा प्रमुख म्हणेल, 'हो, त्यांनीच बोलावलंय.' पण खूपदा आपणच तारीख ठरवतो, आपणच कार्यक्रम ठरवतो आणि मग विचारतो, 'आलो तर चालेल ना?' त्यावर कोणता यजमान नको म्हणेल? एका यजमान पाळकसाहेबांनी मला त्यांची वही दाखवली होती. डावीकडे परदेशी गटांच्या येण्याजाण्याच्या तारखा, उजवीकडे घरभेटींचा रकाना. सुट्ट्यांच्या महिन्यांत डावी बाजू गच्च भरलेली आणि उजवी कोरी. त्या दिवसांत त्यांच्या मंडळीतले आजारी, म्हातारे, नव्याने विश्वास ठेवलेले लोक त्यांची वाट बघत बसत, आणि ते मात्र विमानतळ आणि बाजार यांच्या फेऱ्या मारत. कुणालाही त्यांनी तक्रार सांगितली नव्हती. वही मलाही दाखवली ती मी 'आम्ही कोणत्या महिन्यात येऊ नये?' असं विचारलं म्हणून.

हाच प्रश्न तुमच्या प्रमुखांना विचारायला सांगा. सोबत हेही: आमच्या येण्याने तुमचं कोणतं काम थांबतं? मागच्या गटाचं काय चालू राहिलं आणि काय बंद पडलं? आम्ही आलो नाही तर हे काम कोण करील? पत्रातून खरी उत्तरं लगेच येत नाहीत, दोन-चार वेळा प्रत्यक्ष बोलावं लागतं. आणि 'आम्ही नाही आलो तरी चालेल' असं उत्तर आलं तर ते मोठ्या मनाने स्वीकारा.

पाहुणा म्हणून मिळणारा मान ही वेगळीच परीक्षा असते. प्रेषितांची कृत्ये, १४वा अध्याय वाचा. पौल आणि त्याचा सोबती बर्णबा लुस्त्र गावी असताना पौलाच्या शब्दाने पांगळा माणूस चालू लागला आणि लोक लुकवनी भाषेत ओरडले की देवच माणसांच्या रूपाने उतरले आहेत. बर्णबाला ज्यूस म्हणाले, पौलाला हर्मेस, हे त्यांचे ग्रीक देव. ज्यूसच्या पुजाऱ्याने बैल आणि माळा वेशीपाशी आणल्या, तेव्हा या दोघांनी कपडे फाडून गर्दीत धाव घेतली: आम्हीही तुमच्यासारखीच माणसं आहोत! तुम्ही परदेशातून, औषधं घेऊन, चांगले कपडे घालून उतराल तेव्हा तुमच्याभोवतीही गर्दी होईल, पुढची खुर्ची मिळेल, आणि जे तुम्हाला येत नाही तेही तुम्हाला येतं असं लोक धरून चालतील. भाषा कळत नसल्याने हे लक्षातही येत नाही. तेव्हा पुढची खुर्ची तिथल्या वडीलजनांना द्या, प्रार्थना त्यांना करू द्या आणि आभार मानायची वेळ आली की त्यांचं नाव आधी घ्या.

आता तुमच्या कामाकडे येते, कारण नर्स म्हणून तुमची जबाबदारी गटातल्या बाकीच्यांहून जड आहे.

तुमची नोंदणी ज्या परिषदेची, तिचा अधिकार दुसऱ्या देशात आपोआप चालत नाही. बहुतेक ठिकाणी परदेशी डॉक्टर-नर्सना तात्पुरती परवानगी काढावी लागते आणि तिला वेळ लागतो. यजमान मंडळीमार्फत तिथल्या आरोग्य खात्याकडे आत्ताच चौकशी करा. 'शिबिर छोटं आहे, कोण विचारतंय' असं कुणी म्हणालं तर मान्य करू नका. आणि इथे जे करण्याची तुम्हाला मुभा नाही, ते तिथेही करायचं नाही. गरिबाच्या अंगावर शिकाऊ हात चालवणं ही सेवा नव्हे. डॉक्टर नसताना टाके घालणं, दात काढणं, अंदाजाने अँटिबायोटिक देणं, यातून पुढे काय बिघडलं ते बघायला तुम्ही तिथे नसता.

एक उदाहरण घ्या. रांगेत पन्नाशीची बाई आली, रक्तदाब १८०/११०, याआधी कधी तपासलाच नव्हता. तुमच्या पेटीत गोळ्या आहेत. पंधरा दिवसांच्या दिल्यात, तिला बरं वाटलं, तुम्ही परत आलात. सोळाव्या दिवशी काय? रक्तदाबाची गोळी तिला कदाचित आयुष्यभर लागणार आहे. त्यामुळे तुमचं खरं काम गोळी देण्याआधी सुरू होतं: जवळचं आरोग्य केंद्र कोणतं, तिथे कोणतं औषध नेहमी मिळतं, ते तिला परवडतं का. जे तिथे मिळतं तेच सुरू करायचं, आणि तेही तिथल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने. शिबिरात तुमच्या शेजारच्या खुर्चीवर स्थानिक परिचारिका किंवा आरोग्यसेविका हवीच. शक्य असेल तर तपासणी तिने करावी आणि तुम्ही मदतनीस व्हावं. नोंदवही तिथल्या भाषेत लिहा आणि परत येताना ती तिच्याकडे सोपवा, सोबत आणू नका. तीत आजाऱ्यांची खाजगी माहिती आहे, आणि ती तिच्याच उपयोगाची आहे.

औषधं गोळा करताना मंडळीतली माणसं घरातल्या उरलेल्या पट्ट्या आणून देतात. प्रेमाने देतात, पण घेऊ नका. दान केलेल्या औषधांबद्दल जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं आहेत: औषध त्या देशात पोहोचल्यावर त्याची मुदत निदान एक वर्ष उरलेली असावी, वेष्टनावर तिथल्यांना कळेल अशा भाषेत मजकूर असावा, आणि मुळात ते त्यांनी मागितलेलं असावं. बहुतेक वेळा औषधं तिथेच विकत घेणं स्वस्तही पडतं आणि कस्टममध्ये अडकतही नाही.

अजून एक गोष्ट, आणि इथे मी कुणाशीही तडजोड करत नाही. औषधाच्या रांगेत शिरण्याआधी ख्रिस्ती संदेश ऐकण्याची अट नसावी. आजारी माणसाला नाही म्हणण्याची मोकळीक नसते. अशा वेळी त्याच्याकडून घेतलेला होकार प्रभूच्या नावाला शोभत नाही. येशूने दहा कुष्ठरोगी बरे केले, परत आला एकच. बाकीच्या नऊ जणांचं बरं होणं त्याने काढून घेतलं नाही. उपचार पूर्ण करा, मग विचारा, 'तुमच्यासाठी प्रार्थना करू का?' आणि 'नको' हे उत्तर हसतमुखाने घ्या.

मुलांच्या कार्यक्रमांबद्दल. मंडळीच्या आवारात, आईवडिलांच्या माहितीने, तिथल्या संडे स्कूलच्या शिक्षकांनी चालवलेला कार्यक्रम असेल तर आनंदाने जा. गाणी शिका, त्यांची गाणी. पण बेतात 'अनाथाश्रमाला भेट' असेल तर थांबा. कंबोडियात २००५ ते २०१० या काळात अशा निवासी संस्था ७५ टक्क्यांनी वाढल्या, आणि तिथल्या चारांपैकी जवळपास तीन मुलांचे आई किंवा वडील हयात होते. पाहुणे आणि देणग्या येतात म्हणून मुलं घरातून उचलून संस्थेत आणली जातात, हे तिथे दिसून आलं. २०१९ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही बालहक्कांच्या ठरावात अनाथाश्रमांमधल्या स्वयंसेवेतून होणारी हानी रोखण्याचं आवाहन केलं. दर पंधरा दिवसांनी नवा माणूस येतो, कडेवर घेतो, लाड करतो आणि निघून जातो, याचा त्या लेकरावर काय परिणाम होत असेल, याचा विचार नर्स म्हणून तुम्हीच गटात मांडू शकाल. अनाथाश्रमाला द्यायचा पैसा मुलांना त्यांच्या घरी सांभाळण्यासाठी द्यावा.

चांगला हेतू कायद्यापुढे ढाल होत नाही. जानेवारी २०१० मध्ये हैतीच्या भूकंपानंतर दहा अमेरिकन ख्रिस्ती स्वयंसेवक ३३ मुलांना कागदपत्रांविना सीमेपलीकडे नेताना पकडले गेले. मुलं अनाथ आहेत असं ते सांगत होते, पण त्यांतल्या अनेकांचे आईवडील जिवंत होते. तुमच्या गटाचे बालसंरक्षणाचे नियम लेखी असावेत: कुठलाही मोठा माणूस मुलासोबत एकटा राहणार नाही, पालकांच्या परवानगीशिवाय फोटो नाही, आणि प्रत्येक सदस्याची पोलीस पडताळणी जाण्याआधी झालेली असावी. यावर कुणी रागावलं तर रागावू दे.

व्हिसाचं स्वच्छ असू द्या. पर्यटक व्हिसावर धर्मप्रचार किंवा वैद्यकीय काम चालत नाही असे अनेक देश आहेत. नेपाळच्या २०१७ च्या दंडसंहितेत दुसऱ्याचं धर्मांतर घडवणं हा गुन्हा आहे. पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि परदेशी व्यक्तीला शिक्षेनंतर देशाबाहेर काढलं जातं. नियम मोडला तर, शिक्षा झाली तरी, तुम्ही शेवटी विमानात बसवून परत पाठवल्या जाल. ज्यांनी तुम्हाला घरात ठेवून घेतलं त्यांच्या दारात मात्र पोलीस येत राहतात. म्हणून अर्जावर खोटं लिहायचं नाही, आणि तिथली मंडळी 'हे बोलू नका, तिकडे जाऊ नका' म्हणाली तर त्याला भित्रेपणा समजायचं नाही.

प्रकृतीची तयारी तुम्हाला मी काय सांगणार, तरी गटासाठी लिहून ठेवते. प्रवासाच्या सहा ते आठ आठवडे आधी ट्रॅव्हल क्लिनिकला जा. पिवळ्या तापाची लस लागत असेल तर प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं. २०१६ पासून ते आयुष्यभरासाठी धरलं जातं. मलेरियाच्या गोळ्या परतल्यावरही घ्यायच्या असतात, अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल सात दिवस, डॉक्सिसायक्लिन चार आठवडे, आणि नेमक्या याच गोळ्या लोक घरी पोहोचल्यावर विसरतात. कोडीनसारख्या औषधांवर काही देशांत कडक निर्बंध आहेत, म्हणून स्वतःची औषधं मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. पासपोर्टची मुदत प्रवासानंतर निदान सहा महिने हवी. विम्यात आजाऱ्याला विमानाने हलवण्याचा खर्च धरलेला आहे का, ते पॉलिसी उघडून वाचा.

साक्ष द्यायची, म्हणजे देवाने तुमच्या आयुष्यात काय केलं ते लोकांपुढे सांगायची, वेळ आली तर दुभाषी लागेल. त्याला आदल्या रात्री भेटा, वचनांचे संदर्भ द्या, म्हणजे तो स्वतःच्या भाषेतलं बायबल उघडून ठेवेल. एका वेळी एकच छोटं वाक्य बोला. विनोद आणि शब्दांच्या कोट्या सोडून द्या. दहा मिनिटं दिली असतील तर तुमच्या वाट्याला पाचच येतात हे धरून लिहा. बोलताना दुभाष्याकडे न बघता समोरच्या माणसाकडे बघा, आणि एका दुभाष्याला दिवसभर राबवू नका; तो दमला की तुमचं बोलणं अर्धंच पोहोचतं, आणि ते तुम्हाला कळतही नाही.

पैशाबाबत मी कडक आहे. जे द्यायचं ते गटाने एकत्र करून यजमान मंडळीच्या समितीच्या हाती द्यावं, पावती घ्यावी. एखाद्या बाईची अडचण ऐकून तुम्ही गुपचूप नोट तिच्या हातात ठेवलीत तर संध्याकाळपर्यंत गल्लीला कळतं, आणि शेजारणीचं तोंड तुम्ही गेल्यावर पाळकांना बघावं लागतं. आश्वासनंही जपून द्या. 'बघू या, तुमच्या मुलाच्या शिक्षणाचं काही जमतंय का' असं आपण सहज बोलतो. ऐकणाऱ्याच्या मनात तो शब्द वर्षभर जिवंत राहतो.

गटात कुरबुरी होतील. तीन-चार दिवस झाले की झोप अपुरी, पोट बिघडलेलं, नव्याची नवलाई ओसरलेली, आणि मग आंघोळीच्या नंबरावरून चिडचिड सुरू होते. पौलाच्या पहिल्या प्रवासात योहान मार्क पर्ग्याहून परत फिरला, आणि पुढे त्याच्यावरून पौल-बर्णबात इतका वाद झाला की दोघे वेगळे झाले. त्याच मार्काविषयी पौल नंतर तीमथ्याला लिहितो की तो सेवेसाठी उपयोगी आहे, त्याला घेऊन ये. गटात कुणी मोडून पडलं तर त्याच्यावर शिक्का मारू नका. रोज संध्याकाळी अर्धा तास, फोन बाजूला ठेवून, दिवसभरात काय घडलं ते प्रत्येकाने बोलायचं आणि एकमेकांसाठी प्रार्थना करायची, एवढा नियम पाळला तर पुष्कळसं निभावतं. आजारी पडलात तर लपवू नका. एपफ्रदीत मरणाच्या दारी जाऊन आला, आणि आपल्या आजाराची बातमी घरच्या मंडळीला कळली म्हणून तोच कासावीस झाला होता. पौलाने त्याला परत पाठवलं आणि लिहिलं, त्याला आनंदाने स्वीकारा, अशांचा मान राखा.

परत आल्यावर पहिले काही दिवस इथलं सगळंच अतोनात वाटेल, मंडळीतली माणसं उथळ वाटतील. ते बोलून दाखवायची घाई करू नका. पौल-बर्णबा अंत्युखियास परतले, मंडळीला जमवून देवाने काय काय केलं ते सांगितलं, आणि मग शिष्यांबरोबर तिथे बराच काळ राहिले. तुम्हीही साक्ष द्याल तेव्हा तिथल्या माणसांचं दैन्य दाखवणारे फोटो पडद्यावर लावू नका. तो फोटो त्या माणसाच्या मुलांनी बघितला तर त्यांना काय वाटेल, एवढा विचार करून निवडा. त्यांच्या मंडळीची प्रार्थना, त्यांचं आतिथ्य, त्यांनी तुम्हाला शिकवलेलं काय ते सांगा. महिन्या-दोन महिन्यांनीही ताप आला तर डॉक्टरांना कुठे जाऊन आलात ते न चुकता सांगा. मलेरिया उशिराही डोकं वर काढतो.

आणि पत्रव्यवहार पहिल्या महिन्यानंतर आटू देऊ नका. शक्यतो तुम्हीच त्या परिचारिकेशी संपर्क ठेवा. सहा महिन्यांनी फोन करून विचारा की नोंदवहीतल्या रक्तदाबाच्या रुग्णांपैकी किती जण आरोग्य केंद्रात येत राहिले, आणि ती जे सांगेल ते, मनासारखं असो वा नसो, मंडळीपुढे उभं राहून सांगा.